माणसाचा क्लास कोण लिहितो?

हा अंक दीड महिना उशिरा निघतोय. कागदवाल्याची उधारी हे एक कारण. दुसरं कारण म्हंजे संपादक कॉलेजात जात होता. हसू नका. मी मॅट्रिक. न्हावा शेव्याला जहाजांवर लॅशिंगचं काम करतो, म्हंजे कंटेनरचे डबे लोखंडी रॉडनं आवळायचे आणि बंदर आलं की सोडायचे. यंदा कंत्राट संपलं, नवं लागेपर्यंत चार महिने मोकळे पडले. घरी कोल्हापूरला आलो आणि इथल्या एका कॉलेजात संध्याकाळचा सर्टिफिकेट कोर्स लावला. दहावी पासला चालतो. विषय: ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग. फी तीन हजार, दोन हप्त्यांत.

ही बातमी फुटली तेव्हा आपल्यातलाच एक कवी म्हणाला, 'आयला, कवितेच्या अंकात कॉम्प्युटर? पुढच्या खेपेला शेअरबाजार घे.' त्याला इथंच उत्तर देतो. बाबासाहेबांनी 1923 साली रुपयावर ग्रंथ छापला. रुपया कसा चालतो, कोण चालवतं, कुणाच्या खिशातून काढून कुणाच्या खिशात घालतं, हे त्यांनी सावकारावर आणि साहेबावर सोडलं नाही. आज आपली हजेरी, पगार, रेशन, स्कॉलरशिप, गाडीचं तिकीट, सगळं प्रोग्रॅमवर चालतं. तो प्रोग्रॅम कसा लिहितात हे आपल्याला ठाऊक नको? कवितेचा धंदा शब्दांचा. हाही शब्दांचाच धंदा आहे. फरक एवढाच की इथं शब्द चुकला की मशीन तोंडावर सांगतं, समीक्षकासारखं वीस वर्षं थांबत नाही.

आता विषय काय आहे तो सांगतो. इंग्रजी व्याख्या देत नाही, त्या वहीत भरपूर आहेत.

शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला आपली अर्धी गल्ली फौंड्रीत आहे. तिथं पॅटर्न असतो. लाकडाचा नाहीतर धातूचा. तो वाळूत दाबायचा, साचा उठवायचा, वितळलेलं लोखंड ओतायचं, कास्टिंग बाहेर. पॅटर्न एकच, कास्टिंग हजार. पॅटर्नमध्ये लोखंड नसतं, नुसता आकार असतो. प्रोग्रॅममधला क्लास म्हंजे हा पॅटर्न आणि ऑब्जेक्ट म्हंजे त्यातून निघालेलं कास्टिंग. एका कास्टिंगला भोक पाडलं म्हणून दुसऱ्याला पडत नाही, प्रत्येकाची माहिती त्याची त्याच्यापाशी. एवढं कळलं की पहिला महिना संपला.

दुसरी गोष्ट माझ्या धंद्यातली. कंटेनर बंद असतो, दाराला सील असतं. आत चहा आहे का मशीन आहे, मला हात घालून चाचपता येत नाही. बाहेर नंबर असतो आणि जे काय करायचं ते दारातून. क्लासमध्ये हेच करतात. माहिती 'प्रायव्हेट' ठेवायची आणि तिच्यापर्यंत जायला ठरलेली दारं ठेवायची, त्यांना फंक्शन म्हणतात. समजा डब्याचं वजन प्रायव्हेट ठेवलं आणि वजन बदलायचं एकच फंक्शन ठेवलं. तर त्या फंक्शनला सांगता येतं, डब्यावर लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा जास्त आकडा आला तर घेऊ नको. कुणीही भुरटा येऊन परस्पर आकडा फिरवू शकत नाही. याला एन्कॅप्स्युलेशन म्हणतात. वजनाचा आकडा खोटा असला की काय होतं हे वातानुकूलित वर्गात कळायचं नाही. डब्यांची थप्पी कलंडते, खाली माणूस असतो. 1 जुलै 2016 पासून जगभर नियम आहे, प्रत्यक्ष मोजलेलं वजन कळवल्याशिवाय भरलेला डबा जहाजावर चढवायचा नाही. तो नियम आणि हे फंक्शन एकाच जातीचे.

डब्यावरचा नंबर बघा. तीन अक्षरं मालकाची, चौथं बहुधा यू, मग सहा आकडे आणि शेवटी चौकटीत एक आकडा. तो शेवटचा आकडा शोभेचा नाही. अक्षरांना ठरलेल्या किमती द्यायच्या, पहिल्या दहा जागांना क्रमानं 1, 2, 4, 8 असं दुपटीनं 512 पर्यंत गुणायचं, बेरीज करायची, 11 ने भागायचं. बाकी उरते तोच शेवटचा आकडा. बाकी 10 आली तर शून्य. कारकुनानं एक आकडा चुकवला की हिशेब जुळत नाही. वर्षानुवर्षं ते आकडे डोळ्यांसमोरून गेले, पण ते काय म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. या कोर्सात मी माझा पहिला धड प्रोग्रॅम लिहिला तो हाच: कंटेनर नावाचा क्लास, आणि नंबर खरा का खोटा ते सांगणारं फंक्शन. चालला. त्या रात्री कविता लिहिल्यासारखी झोप लागली.

तिसरी गोष्ट वारसा, इनहेरिटन्स. साधा डबा हा मूळ क्लास. रीफर म्हंजे थंड डबा हा त्याचा पोटक्लास. नंबर, वजन, लांबी हे सगळं मूळ डब्याकडून येतं, वर तापमान आणि विजेचं प्लग हे त्याचं स्वतःचं. सगळं पुन्हा लिहायला लागत नाही. आणि 'जहाजावर चढ' असा एकच हुकूम दिला तर साधा डबा नुसता चढतो, रीफर चढून वीज मागतो. हुकूम एक, वागणं ज्याचं त्याचं. याला पॉलिमॉर्फिझम म्हणतात. शब्द उच्चारताना जीभ वळते, पण गोष्ट गोदीतल्या पोराला पाच मिनिटांत कळते.

वारशाचा एक नियम मला फार आवडला. ज्याच्याकडून घेतलं त्याचं नाव पहिल्याच ओळीत लिहावं लागतं. लिहिलं नाही तर मशीन पुढं जात नाही. जून 2025 मध्ये इटलीच्या प्राडा कंपनीनं मिलानच्या फॅशन शोमध्ये आपली कोल्हापुरी चप्पल पायांत घालून मॉडेल चालवले आणि नाव घेतलं नाही. 2019 पासून त्या चपलेला भौगोलिक मानांकन आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांचं. बोंबाबोंब झाली तेव्हा कंपनीनं मान्य केलं की प्रेरणा इथली. चामडं कमावणारे, पट्टे विणणारे हात कुणाचे हे कोल्हापुरात सांगायला नको. दोस्तांनो, मशीनला जी शिस्त आहे ती बाजाराला नाही.

आता हे सगळं आलं कुठून? वर्गात सांगितलं नाही म्हणून इथं सांगतो. 1960 च्या दशकात नॉर्वेत, ओस्लोच्या संगणक केंद्रात, ओले-योहान दाल आणि क्रिस्तेन निगार्ड या दोघांनी सिम्युला नावाची भाषा केली. खऱ्या जगातली गर्दी मशीनमध्ये उभी करून बघायची, हा तिचा उद्देश. पुलावरचा टोलनाका, रांगेत ट्रक, बस, मोटारी. सगळ्यांचं काही सारखं, काही वेगळं. अशा विचारांतून क्लास आणि पोटक्लास निघाले, ते सिम्युला 67 मध्ये आले. टोलनाका काय असतो ते कोल्हापूरकराला शिकवू नये. 2014 साली इथले नाके पेटले आणि 2015 च्या अखेरीस टोल रद्द करून घेतला. पुढं ब्यार्ने स्ट्राउस्ट्रुप या डेन्मार्कच्या माणसानं अमेरिकेत बेल लॅब्जमध्ये 1979 पासून सी भाषेला क्लास जोडायला घेतले. 1983 ला तिचं नाव सी प्लस प्लस पडलं. तीच आम्हाला शिकवतात.

पण खरी गोष्ट निगार्डची आहे. भाषा करून हा माणूस गप्प बसला नाही. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला तो नॉर्वेच्या लोखंड आणि धातू कामगारांच्या युनियनबरोबर कामाला लागला. कारखान्यात कॉम्प्युटर येतोय, तो मालकाच्या बाजूनं मोजणार, तर कामगाराला तो कळला पाहिजे, आणि तो कसा आणायचा यात कामगाराचा शब्द पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. कामगार स्वतः अभ्यास करायला बसले. त्यातून 1975 साली तिथल्या कामगार महासंघात आणि मालकांच्या संघटनेत करार झाला: नवी यंत्रणा आणायची तर कामगारांना आधी माहिती द्यायची, कामगारांचा या विषयातला प्रतिनिधी असणार. ज्यानं क्लास शोधला तोच कामगाराच्या पंगतीत बसला. आणि आमच्या पोरांना क्लासची व्याख्या पाठ करायला लावतात, पाच मार्कांना.

आता संपादकीयाच्या मुद्द्यावर येतो.

क्लास लिहिणारा माणूस काय करतो? कुठली माहिती ठेवायची आणि कुठली नाही, हे ठरवतो. एका कंत्राटदाराकडे आमची हजेरी मोबाइलवर लागायची. त्यात कामगार म्हंजे काय? टोकन नंबर, शिफ्ट, आलेला वेळ, गेलेला वेळ, दर. संपला माणूस. बोट चेंगरलं तर ते लिहायला जागा नाही. पाऊस होता, डबे निसरडे होते म्हणून वर चढायला नकार दिला, तर ते लिहायला जागा नाही. तिथं नुसतं 'गैरहजर' उमटतं. कुणी मुद्दाम खोटं लिहिलं असं नाही. लिहायला खणच नाही. आणि ज्याला खण नाही ते घडलंच नाही. पुढं तक्रार करायला गेलं की साहेब स्क्रीन फिरवून दाखवतो, 'बघ, इथं काही नाही.' बघितलं, खरंच नव्हतं.

आपल्या लोकांना हा अनुभव नवा नाही. कुणीतरी वर बसून खाने पाडले आणि आपल्याला एका खान्यात कोंबलं, त्या खान्यात काय काय असेल आणि काय नसेल हेही त्यांनीच लिहिलं. फक्त तेव्हा पोथी होती. म्हणून मी म्हणतो, हे शिकायचं ते नुसत्या नोकरीसाठी नाही. नोकरी हवीच, पोट आहे. पण उद्या जो कामगाराचा, पेशंटचा, विद्यार्थ्याचा क्लास लिहील, त्याच्या शेजारी आपला एक जण बसलेला पाहिजे, जो विचारेल: यात अपघाताचा खण कुठाय?

आपल्यातले काही जण लगेच यमक जुळवतील. क्लास म्हंजे वर्ग, वर्ग म्हंजे वर्गलढा, कास्टिंग म्हंजे कास्ट. नका करू. उपमेवर टाळ्या मिळतात, प्रोग्रॅम चालत नाही. तरी एक गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे. सी प्लस प्लसमध्ये पोटक्लासचं वागणं मूळ क्लासच्या जागी चालावं असं वाटत असेल, तर आधी मूळ क्लासमध्ये 'व्हर्च्युअल' असा शब्द लिहिलेला लागतो. बापानं परवानगी ठेवलेली असेल तरच. आणि 1994 साली चौघांनी मिळून लिहिलेलं डिझाइन पॅटर्न्स नावाचं पुस्तक या धंद्यात गाजलं, त्याचा सल्लाच असा की वारसा जपून वापरा. शक्यतो छोटे छोटे तुकडे जोडून हवी ती वस्तू उभी करा. वारशाच्या उतरंडी उंच गेल्या की खालच्याला हलता येत नाही, हे त्यांना अनुभवानं कळलं. आपल्याला वेगळ्या अनुभवानं कळलं आहे.

आता शिक्षणाची दशा. माझ्या वर्गात चाळीस पोरं, चौदा मशीन, त्यातली तीन बंद. शिकवणारे सर तासिका तत्त्वावर, म्हंजे जितके तास तितके पैसे, सुट्टीला शून्य. त्यांच्यावर माझा राग नाही. एके दिवशी मी विचारलं, 'सर, क्लास म्हंजे फौंड्रीतला पॅटर्न म्हटलं तर चालेल का?' ते म्हणाले, 'अरे, बरोबर आहे तुझं. पण परीक्षेत असं लिहू नकोस, मार्क जातील.' सगळा रोग या एका वाक्यात आहे. बरोबर आहे, पण लिहू नकोस.

मशीनवर काय, तर टर्बो सी प्लस प्लस. निळा पडदा. बोरलँड कंपनीचं हे सॉफ्टवेअर 1990 च्या सुमाराचं. सी प्लस प्लसचं पहिलं जागतिक प्रमाण 1998 साली आलं, त्याच्या आधीचं हे. त्यात शिकलेला प्रोग्रॅम आजच्या कंपायलरला दिला की पहिल्याच ओळीला अडतो, कारण ती ओळ लिहायची पद्धतच बदलली. पोरगं पुण्याला मुलाखतीला जातं, जे शिकलं ते लिहितं, आणि समोरचा हसतो. पोराला वाटतं आपल्यालाच येत नाही. अरे बाबा, तुला येतंय, तुला शिळं वाढलं. आणि ताजं महाग आहे म्हणावं तर तेही नाही. रिचर्ड स्टॉलमननं 1987 साली जीसीसी हा कंपायलर सगळ्यांसाठी मोकळा केला, आजही फुकट मिळतो, जुन्या मशीनवर चालतो. फुकटचं ताजं सोडून शिळं का? कारण कुणी विचारत नाही.

आणि इंग्रजी. आमच्या गल्लीतली एक पोरगी त्याच वर्गात होती. प्रोग्रॅम तिचा सगळ्यांच्या आधी चालायचा. पण 'एक्सप्लेन' म्हटलं की मान खाली. शेवटच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकानं तिला दहा पैकी तीन दिले, आणि ज्यानं तिचा प्रोग्रॅम उतरवून घेतला होता त्याला आठ. तो इंग्लिश मीडियमचा. शाहू महाराजांनी याच शहरात 1901 पासून वसतिगृहं काढली, 1902 साली निम्म्या जागा मागासलेल्यांना राखल्या, 1919 साली अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून सगळ्यांना एका शाळेत बसवलं. एका शाळेत बसवलं ते खरं, पण आता भाषेची वेगळी बाकं पडली आहेत. इंग्रजी शिकायचीच, पळायचं नाही. पण विचार आधी मराठीत होऊ दे, उत्तर मराठीत ऐकून घ्या, मशीनला कुठली बोली तुम्ही बोलता याच्याशी देणंघेणं नाही.

शिकून पुढं गेलं की जात सुटते, असं कुणी सांगत असेल तर त्याचंही ऐका आणि हेही ऐका. 2020 साली अमेरिकेत कॅलिफोर्निया सरकारच्या खात्यानं सिस्को कंपनीवर खटला भरला. एका दलित इंजिनिअरला जातीवरून डावललं असा आरोप. 2023 साली दोन अधिकाऱ्यांवरचा दावा मागं घेतला गेला. त्याच वर्षी सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदाला बंदी घालणारा कायदा केला. म्हंजे सी प्लस प्लस येणाऱ्यांच्या खोलीतही प्रश्न पोचलाय. तिथं एकटे जाऊ नका, संघटनेनं जा.

आणखी एक शंका हल्ली सगळे काढतात. आता एआय प्रोग्रॅम लिहितं, मग शिकायचं कशाला? मी करून बघितलं. हजेरीचा क्लास लिही म्हटलं, लिहिला. नाव, नंबर, वेळ, दर. अपघाताचा खण नव्हता. सांगितल्यावर घातला. सांगायला कोण पाहिजे? ज्याचं बोट चेंगरलंय तो, आणि समोरचं वाचता येणारा. दोन्ही एकाच माणसात पाहिजेत.

म्हणून मागण्या आणि काम दोन्ही लिहितो. मागण्या कॉलेजांकडे. एक, टर्बो काढा, आजचा मोफत कंपायलर बसवा. खर्च शून्य आहे, सबब नको. दोन, तोंडी परीक्षा मराठीत देता आली पाहिजे. तीन, लॅब रात्री नऊपर्यंत उघडी ठेवा. ज्याच्या घरी मशीन नाही तो कामावरून सुटून येईल. चार, तासिकेवरच्या शिक्षकांना पुरता पगार द्या. उपाशी मास्तर व्याख्याच सांगणार.

काम आपलं. दर रविवारी सकाळी दहा ते एक, वस्तीतल्या समाजमंदिरात बसायचं. दोन जुने लॅपटॉप जमलेत, तिसऱ्याचं बघतोय. मुंबईच्या आयआयटीचे स्पोकन ट्युटोरियल फुकट आहेत, सी आणि सी प्लस प्लसचे धडे मराठीतही आहेत, तिथून सुरुवात. पहिला महिना व्याख्या नाही. फौंड्रीवाल्यानं पॅटर्नचा क्लास लिहायचा, चप्पलवाल्याच्या पोरानं चपलेचा, घरकामाला जाणाऱ्या बाईच्या पोरीनं आईच्या कामाचा: किती घरं, किती तास, किती पैसे, किती सुट्ट्या, आणि किती कापून घेतले. प्रत्येकानं आपला क्लास वाचून दाखवायचा, बाकीच्यांनी विचारायचं, यात काय राहिलं? मार्क नाहीत. मुलींनी यावं, मागं बसू नये. ज्या पोरीला तीन मार्क मिळाले ती शिकवणार आहे, मी फळा पुसणार.

पुढच्या अंकासाठी कविता पाठवा, गोष्टी पाठवा, आणि या खेपेला आपापल्या कामाचे क्लासही पाठवा, मराठीत लिहिलेले चालतील. छापू. वर्गणी राहिलेल्यांनी वर्गणी द्यावी. कागदवाला जयभीम घालतो, पण उधारी सोडत नाही.

जयभीम.